एका मताची गोष्ट : ‘मंडेला’ चित्रपटाच्या निमित्ताने

मतदानाविषयी आपल्या वस्त्यांत आज दोन भाषा बोलल्या जातात. एक सरकारी फलकांवरची. तिच्या लेखी मत हे पवित्र कर्तव्य असते, लोकशाहीचा उत्सव असतो. दुसरी मतदानाच्या आदल्या रात्रीची. तिच्या लेखी मत म्हणजे घरात किती डोकी आणि दर डोक्याला किती रुपये, एवढाच हिशेब. पहिली भाषा मतदाराला उपदेश करते, दुसरी त्याला विकत घेते. तुझे म्हणणे काय आहे, असे मात्र दोघींपैकी एकही त्याला विचारीत नाही. ‘मतदान’ हा आपल्या भाषेतला शब्दही तपासून पाहावा. त्यात दान आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या दारात उभे राहून शिळे तुकडे घेतले, त्यांना पाच वर्षांतून एकदा दाते म्हणून गौरवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराबाहेर उभे करायचे, अशी ही रीत आहे.

या दोन भाषांमध्ये सापडून चळवळीतल्या पुष्कळांचे मन मतदानावरून उडाले आहे. माझेही उडाले होते. मी मत देत होतो; पण देताना आत काही हलत नव्हते. त्याची कारणे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत त्याची शकले होऊ लागली, हा इतिहास आपल्या अंगावर आहे. राखीव मतदारसंघात उमेदवार आपल्या जातीचा असतो, पण त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असते, हाही अनुभव आहे. शिक्षक म्हणून मी निवडणुकीच्या कामावर अनेकदा गेलो. माणसांच्या बोटांना शाई लावता लावता मला वाटायचे, ही शाई एवढीच यांच्या वाट्याला येणार. बाकी सारे आधीच ठरलेले आहे.

अशा मनःस्थितीत मी ‘मंडेला’ हा तामिळ चित्रपट पाहिला. मडोन अश्विन या दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट. योगी बाबू हा विनोदी नट त्यात नायक आहे. ४ एप्रिल २०२१ रोजी तो थेट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि नंतर नेटफ्लिक्सवर आला. ६ एप्रिलला तामिळनाडू विधानसभेचे मतदान होते. म्हणजे लोक मत द्यायला निघण्याच्या अवघे दोन दिवस आधी एका मताची गोष्ट त्यांच्या घराघरांत पोचली होती. पुढे ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा आणि संवादांचा असे दोन पुरस्कार त्याला मिळाले. चित्रपट हलकाफुलका आहे, हसवणारा आहे. या चित्रपटाने माझ्या मनातली मतदानाविषयीची मरगळ झटकली. ती का झटकली आणि तरीही या चित्रपटाशी माझे भांडण कुठे आहे, हे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गोष्ट अशी आहे. सूरंगुडी नावाच्या गावात दोन जाती आहेत, एक उत्तरेकडची आणि एक दक्षिणेकडची. त्यांचे वैर एवढे की गावात काहीही धड होत नाही. गावासाठी संडास बांधला जातो, तर त्यात आधी कोण जाणार यावरून मारामारी होते. गावचा म्हातारा पंचायत अध्यक्ष दोन्ही बाजू सांभाळण्यासाठी दोन्ही जातींतली एकेक बायको करून बसला आहे. त्याला दोघींपासून एकेक मुलगा आहे आणि आता अध्यक्षपदासाठी हे दोन सावत्र भाऊ एकमेकांविरुद्ध उभे आहेत. या दोन्ही जातींच्या पायाशी एक माणूस आहे, गावचा न्हावी. तो झाडाखाली राहतो. त्याला पुढच्या दाराने घरात घेत नाहीत. कामाचा मोबदला बहुधा उरल्यासुरल्या अन्नाचा. हजामतीखेरीज कोणीही काहीही सांगावे आणि त्याने ते करावे, असा गावाचा समज आहे. त्याच्याबरोबर एक पोरगा असतो.

या माणसाला नाव नाही. गाव त्याला ‘इळिच्चवायन’ म्हणते, म्हणजे दात विचकणारा, अर्थात बावळट. बरोबरच्या पोराचे नाव ‘किरुदा’, म्हणजे कल्ले. एकाला दातांवरून ओळखतात, दुसऱ्याला कल्ल्यांवरून. न्हाव्याने पैसे साठवलेले असतात, दुकान काढायचे त्याचे स्वप्न असते. ते पैसे चोरीला जातात. मग तो पोस्टात खाते उघडायला जातो आणि तिथे प्रश्न येतो की तुझे नाव काय? पोस्टात नव्याने आलेली तेन्मोळी ही तरुणी त्याला नाव देते नेल्सन मंडेला. नावाबरोबर ओळखपत्र येते, मतदार यादीत नोंद होते. इकडे दोन्ही भाऊ मतांची मोजदाद करतात. उत्तरेची आणि दक्षिणेची मते अगदी सारखी भरतात. उरते ते एक मत. दात विचकणाऱ्या त्या माणसाचे.

इथून पुढचा चित्रपट म्हणजे या एका मताभोवती नाचणारे गाव. कालपर्यंत ज्याला मागच्या दाराने बोलावले त्याला दोन्ही बाजू खाऊपिऊ घालतात, कपडे देतात, दुकान थाटून देतात. तोही दोन्ही हातांनी घेतो. मग त्याच्या मताचा लिलाव मांडला जातो. लाडाने काम होत नाही असे दिसल्यावर मारहाण सुरू होते. शेवटी त्याला उमगते की आपल्यासाठी काही मागण्यापेक्षा गावासाठी मागावे. रस्ता, शाळा, संडास अशी वर्षानुवर्षे रखडलेली कामे हे दोन भाऊ एका मतासाठी चढाओढीने करू लागतात. मतदानाचा दिवस येतो तेव्हा त्याच्या जिवावर उठलेले लोक दोन्हीकडे असतात. पण त्याच्यामागे उभे राहणारे गावकरीही तयार झालेले असतात. कोण निवडून येणार यात या चित्रपटाला फारसा रस नाही, आणि हे योग्यच आहे.

अशा हसवणाऱ्या चित्रपटाची दखल या पानांत का घ्यावी, असे काही वाचक विचारतील. त्यांना आंबेडकरी जलशांची आठवण करून द्यावी लागेल. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला तो गाण्यांतून आणि विनोदी संवादांतून. ज्यांना वाचता येत नव्हते ते हसता हसता विचार करू लागले. विनोद हा आपल्या चळवळीला परका नाही. प्रश्न एवढाच असतो की हसणारा कोण आणि ज्याला हसायचे तो कोण. प्रस्थापित मराठी चित्रपटाने आणि नाटकाने गावकुसाबाहेरचा माणूस विनोदासाठी वापरला तो बहुधा त्याच्या बोलीला, कपड्यांना आणि भित्रेपणाला हसण्यासाठी. तामिळ चित्रपटही यात मागे नाही. खुद्द योगी बाबूच्या रूपावरून, केसांवरून, शरीरावरून शेकडो विनोद झालेले आहेत. नायकाशेजारी उभे राहून टोमणे खायचे, हीच त्याची जागा होती.

‘मंडेला’ने ही जागा बदलली, आणि इथे दिग्दर्शकाची जाण दिसते. चित्रपटाच्या आरंभी आपण त्या न्हाव्याला हसतो, कारण गाव त्याला हसते. मध्यंतरानंतर आपण गावाला हसतो, कारण तो गावाला ओळखून बसलेला असतो. कालपर्यंत ज्यांच्यापुढे मान वर करायची नाही ते आज त्याच्यापुढे ओशाळे हसतात. दात विचकण्याची पाळी त्यांच्यावर येते. उतरंड उलटी झाली की कशी दिसते, हे भाषणात सांगितले तर सवर्ण श्रोता चिडतो आणि आपला श्रोता टाळ्या वाजवून घरी जातो. इथे दोघेही हसतात, आणि हसून झाल्यावर दोघांनाही आपण कशाला हसलो याचा विचार करावा लागतो.

दुसरी मोलाची गोष्ट नावाची. गावगाड्याने आमच्या बापजाद्यांना नावेही नीट ठेवू दिली नाहीत. दगड्या, धोंड्या, कचऱ्या अशी नावे आणि तीही अर्धी तोडून हाक मारायची. १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्त्यांतून मुलांची नावे बदलली, तेव्हा गावाला त्याचा राग आला, तो का आला हे या चित्रपटातून नीट कळते. नाव आले की हिशेब मागणारा माणूस येतो. मतदार यादी हा तसा रुक्ष कागद. पण गावातल्या बड्या माणसाच्या नावाखाली किंवा वर, एकाच टाइपात, एकाच ओळीत आपले पूर्ण नाव छापलेला दुसरा कागद आमच्या आजोबांनी पाहिला नव्हता.

आणि नाव तरी कोणते? नेल्सन मंडेला. तेन्मोळी ते सहज सुचवते, पण त्यामागचा इतिहास वाचकाने लक्षात घ्यावा. वर्णभेदी राजवटीशी लढणाऱ्या, सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या त्या माणसाने आपल्या देशाच्या निवडणुकीत पहिले मत दिले ते २७ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी. इनांडा येथील ओलांगे शाळेत, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे यांच्या समाधीजवळ, त्यांनी ते दिले. या चित्रपटाचे तेलुगू रूप २०२३ साली आले, त्यात नायकाचे नाव झाले मार्टिन ल्यूथर किंग. तेही सार्थ आहे. अमेरिकेत काळ्यांना मताचा हक्क कागदावर मिळून पंचाण्णव वर्षे लोटली होती, तरी दक्षिणेतल्या राज्यांत त्यांची नावे यादीत येऊ दिली जात नव्हती. सेल्माच्या मोर्चांनंतर, १९६५ च्या कायद्याने, ती वाट मोकळी झाली. जगभर ज्यांना माणूस मानले नाही त्यांनी मतासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. ज्याची आपल्याला आळसाने विस्मृती होते ती गोष्ट त्यांनी रक्ताने मिळवली होती.

आपल्याकडेही ती आपोआप मिळालेली नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न उभा केला. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्या काळात मत हे मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर मिळे. म्हणजे ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडेच मत. ज्याला जमीन धारण करू दिली नाही, शाळेत बसू दिले नाही, त्याला मताची अट मालमत्तेची आणि शिक्षणाची! १९३२ च्या पुणे कराराने आमच्या प्रतिनिधीची निवड दुसऱ्यांच्या मतांशी बांधून टाकली आणि त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. तरीही राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार आला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी बजावून ठेवले की राजकारणात प्रत्येक मताचे मूल्य सारखे राहील, पण समाजात आणि अर्थव्यवस्थेत माणसाचे मूल्य सारखे मानले जाणार नाही. ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल.

मत समान आणि माणूस असमान, ही जी विसंगती बाबासाहेबांनी विचारवंतांच्या सभेत मांडली, ती ‘मंडेला’ने एका झाडाखाली आणून उभी केली आहे. या चित्रपटाचा आशय मला तिथे सापडतो. गावाने त्या न्हाव्याला माणूस म्हणून काही मूल्य दिलेले नाही. मतपेटीत मात्र त्याचे मूल्य अध्यक्षाच्या मुलाइतकेच आहे. ही समानता गावाला पेलत नाही. म्हणून गाव मूल्याचे रूपांतर किमतीत करू पाहते. लिलावाच्या प्रसंगात हेच घडते. किंमत कितीही वाढली तरी ती देणारा मालक असतो आणि घेणारा गुलामच राहतो. विकलेल्या मताच्या बळावर दुसऱ्या दिवशी काही मागता येत नाही, कारण सौदा पुरा झालेला असतो. न विकलेले मत मात्र मतदानाच्या क्षणापर्यंत मागणी करू शकते. त्या न्हाव्याने हे ओळखले, तेव्हा रस्ता झाला. एवढी साधी गोष्ट मी अनेक शिबिरांतून ऐकली आहे, स्वतःही सांगितली आहे. ती एवढ्या लख्खपणे मला यापूर्वी दिसली नव्हती.

लिलावाचा प्रसंग पाहून कोणी म्हणेल की ही अतिशयोक्ती आहे. तसे मानण्याचे कारण नाही. हा चित्रपट आला त्याच वर्षाच्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. असा लिलाव ‘बिनविरोध निवडणूक’ या गोंडस नावाखाली होतो, आणि पैसा देवळाच्या कामाला द्यायचा म्हणून त्याला पुण्यकर्माचे रूपही येते. ज्या गावात निवडणूकच होत नाही त्या गावात गरिबाच्या दारात पाच वर्षांतून एकदाही कोणाला यावे लागत नाही. तिथे आमच्या मताला किंमतही उरत नाही आणि मूल्यही.

मराठी राजकीय चित्रपटाशी तुलना केली तर ‘मंडेला’चे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. जब्बार पटेलांचा ‘सामना’ आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात मारुती कांबळेचे पुढे काय झाले, हा प्रश्न मास्तर विचारीत राहतो आणि हिंदुराव पाटलाची झोप उडते. मोठा चित्रपट, पण त्यातला मारुती कांबळे हा ज्याच्याविषयी प्रश्न विचारायचा असा माणूस आहे. विचारणारा दुसरा, उत्तर देणारा तिसरा. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) तर खुर्चीचा सारा खेळ वरच्या मजल्यावर चालतो. अलीकडचा हिंदी ‘न्यूटन’ (२०१७) हा अमित मसूरकरांचा चित्रपट प्रामाणिक आहे. त्यात छत्तीसगडच्या जंगलात अवघ्या शहात्तर मतदारांसाठी मतदान केंद्र उघडण्याचा हट्ट एक कारकून धरतो. तरी तिथेही झगडा कारकुनाचा आहे. आदिवासी मतदार रांगेत आणून उभा केला जातो. या चित्रपटांत मताविषयी बोलतात ते पुढारी, पत्रकार, मास्तर, अधिकारी. ‘मंडेला’त मत ज्याचे आहे तोच गोष्टीच्या मध्यभागी आहे. चुकतो तो, लोभात पडतो तो, शहाणा होतो तोही तोच. त्याला प्रथमपासून शहाणा किंवा प्रथमपासून बळी दाखवलेला नाही, म्हणून तो मला खरा वाटला.

आता या चित्रपटाशी माझे भांडण. पहिले, जातीविषयी. चित्रपट जातींवर आहे, पण जातींना नावे नाहीत. उत्तर आणि दक्षिण या दिशा आहेत. ज्याने नायकाला नाव मिळवून दिले त्यानेच त्याला छळणाऱ्यांना निनावी ठेवले. सेन्सॉरची आणि दंगलीची भीती समजू शकते. पण निनावी जात ही प्रेक्षकाला सोयीची असते. प्रत्येक जण मानतो की ही दुसऱ्याची गोष्ट आहे. नायक न्हावी आहे, हेही विचारात घ्यावे लागेल. तामिळनाडूतल्या नाभिक संघटनांनी या चित्रणाला आक्षेप घेतला होता. आपल्या वाचकाची अडचण वेगळी आहे. न्हावी हा गावगाड्यातला बलुतेदार, त्याच्या वाट्याला अपमान आहेच. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा संप केला, तो सत्यशोधक इतिहासाचा अभिमानाचा भाग आहे. परंतु ज्या न्हाव्याने म्हशी भादरल्या पण आमच्या डोक्याला वस्तरा लावला नाही, तोही याच गावगाड्यातला. तेव्हा झाडाखालच्या या माणसात स्वतःला पाहताना दलित प्रेक्षकाला एक पायरी चढावी लागते. तेलुगू रूपात हाच नायक चपला शिवणारा झाला, ते मला अधिक थेट वाटते.

दुसरे, हा माणूस एकटा आहे. त्याला वस्ती नाही, नातेवाईक नाहीत, पंचमंडळ नाही, चळवळ नाही. खेड्यातला दलित असा एकटा नसतो. त्याची वस्ती असते, तिच्यात मतभेद असतात, तिच्यातलेच दलाल असतात आणि तिच्यातलेच लढणारेही असतात. तो सारा पसारा वगळला म्हणून गोष्ट हलकीफुलकी राहिली. तेन्मोळीच्या पात्रावरही अन्याय झाला आहे. ती नाव देते, वाट दाखवते आणि मग बाजूला उभी राहते. स्वतः नोकरी करणाऱ्या, जात ओलांडून माणसाला माणूस मानणाऱ्या या बाईला स्वतःची गोष्ट नाही.

तिसरे भांडण सर्वांत महत्त्वाचे. ज्या मदुराईच्या परिसरात अशी गावे आहेत तिथला खरा इतिहास एवढा हसरा नाही. १९९६ साली पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम आणि विरुधुनगर जिल्ह्यातील कोट्टकच्चियेंदल या पंचायतींचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. दहा वर्षे, म्हणजे २००६ पर्यंत, तिथे निवडणूक धडपणे होऊ दिली गेली नाही; कधी उमेदवार उभा राहू दिला नाही, कधी निवडून आलेल्याला लगेच राजीनामा द्यायला लावला. मेलवळवु येथे मुरुगेसन या दलित अध्यक्षाने पद सोडले नाही. ३० जून १९९७ रोजी त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची बसमधून ओढून कत्तल झाली. चित्रपटातल्या मंडेलामागे शेवटी गावकरी उभे राहतात; मुरुगेसन यांच्यामागे कोण उभे राहिले? ज्या जातीय सत्तेला एका न्हाव्याच्या मतासाठी लाचार होताना आपण पडद्यावर हसलो, ती सत्ता मत हातातून निसटते असे दिसताच कोयता काढते. ‘मंडेला’ने या कोयत्याची धार बोथट करून दाखवली, हा त्याचा दोष मला दुर्लक्षिता येत नाही.

मग एवढे दोष दिसत असताना या चित्रपटाने माझी उमेद जागी कशी केली? कारण त्यातला योगायोग. दोन्ही बाजूंची मते सारखी भरतात आणि एक मत निर्णायक ठरते, हा योगायोग चित्रपटाने बांधलेला आहे. असे प्रत्यक्षात घडत नाही असे मात्र नाही. २००४ साली कर्नाटकातील संतेमरहळ्ळी या राखीव मतदारसंघात आर. ध्रुवनारायण एका मताने निवडून आले. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले. २०२४ साली आपल्या वायव्य मुंबईत लोकसभेचा निकाल अठ्ठेचाळीस मतांनी लागला. तरी अशा योगायोगाची वाट पाहत बसणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढणे होय. चित्रपट पाहून मला जे वाटले ते वेगळे. जे त्या न्हाव्याला योगायोगाने मिळाले, ते आपल्याला संघटनेने निर्माण करावे लागेल. गावातल्या दोन प्रबळ गटांच्या मध्ये एकजूट वस्ती उभी असेल तर ती वस्तीच मंडेला असते. फुटलेली वस्ती मात्र दोन्हीकडे थोडी थोडी विकली जाते आणि दोन्हीकडे स्वस्त पडते. आपल्या मताचे मूल्य घटले ते आपण संख्येने थोडे म्हणून नव्हे; आपण विखुरलेले म्हणून.

इथे काही तरुण मित्र विचारतील की मग बहिष्काराचे काय? मत न देण्याचा मार्ग आपल्या चळवळीनेही वापरला आहे. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार जाहीर केला. वरळीत दंगल पेटली, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण बळी गेला; आणि सत्ताधारी काँग्रेसचा उमेदवार पडला. तो बहिष्कार म्हणजे उदासीनता नव्हती. तो उघड जाहीर केलेला, कारणे सांगितलेला, एकत्र पाळलेला आणि रक्ताने किंमत मोजलेला निर्णय होता. मत रोखून धरणे हाही मताचा वापरच असतो. चित्रपटातला न्हावी तेच करतो. त्याची आणि सुट्टी आहे म्हणून घरी झोपणाऱ्याची बरोबरी करता येणार नाही. ‘सगळे सारखेच’ असे म्हणून घरी बसणारा स्वतःला विद्रोही समजतो, पण गावच्या पाटलाला त्याचा काहीच त्रास होत नाही. उलट त्याची एक पाकिटाची बचत होते.

बाबासाहेब १९५२ साली मुंबईत हरले, १९५४ साली भंडाऱ्याला पुन्हा हरले. ज्यांनी मताधिकार मिळवून दिला त्यांना मतांनी दोनदा नाकारले. तरी त्यांनी मताच्या मार्गावर पाणी सोडले नाही. उलट सर्व पीडितांना सामावणाऱ्या नव्या पक्षाची आखणी सुरू केली. आपल्याला आलेला कंटाळा या पराभवांहून मोठा आहे असे म्हणणे धाडसाचे होईल.

‘मंडेला’ हा थोर चित्रपट नाही. तो जातींची नावे घ्यायला कचरतो, वस्ती दाखवत नाही, कोयत्याला घाबरतो. परंतु त्याने एक गोष्ट अशी दाखवली जी आमच्या भाषणांना अलीकडे दाखवता येईनाशी झाली आहे. झाडाखालच्या माणसाला जे मिळाले ते दान नव्हते आणि त्याने जे दिले तेही दान नव्हते. त्याने आपला हक्क हातात धरून ठेवला आणि गावाला पहिल्यांदा त्याच्याशी बोलावे लागले. शिक्षक मित्रांनी आपल्या वर्गात, कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या अभ्यासिकेत हा चित्रपट दाखवावा. आधी पोटभर हसू द्यावे. मग दिवा लावून विचारावे : आपल्या वस्तीची मते किती? ती एकत्र आहेत का? आणि ती हातात धरून आपण या वेळी काय मागणार आहोत?